काचेतला अणुकचरा, भोवतीचा मातीचा भराव आणि भूजल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, सातारा इथल्या व्याख्यानांनंतर आणि मग फोनवर, मेसेजवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. अणुऊर्जा हवी की नको, हा वाद इथे घेतलेला नाही. कचरा आजच साठवलेला आहे, आणि तो नीट सांभाळायचा तर काच, माती आणि पाणी एकमेकांशी कसे वागतात हे सगळ्यांनाच कळायला हवं, म्हणून हे लिहिलं. उत्तरं कुठूनही वाचता येतील. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज लागते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. काचेत अणुकचरा भरतात म्हणजे बाटलीत भरतात तसं का?

नाही. अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढलं की अतिशय किरणोत्सारी आम्लयुक्त द्रव उरतो. तो द्रव काचेच्या कच्च्या मालाबरोबर साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवतात. त्यामुळे सिझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे मूलद्रव्यं काचेच्या अणुरचनेतच गुंततात. काचेला तडा गेला म्हणून आतून काही सांडत नाही, कारण सांडण्यासारखं वेगळं असं काही आत नसतंच. ही काच बोरोसिलिकेट जातीची असते. फ्रान्समधल्या प्रसिद्ध काचेत सुमारे ४५ टक्के सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य), १४ टक्के बोरॉन ऑक्साइड आणि १० टक्के सोडियम ऑक्साइड असतं. आपल्याकडे हे काम तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कम इथे होतं. ट्रॉम्बेच्या जुन्या कचऱ्यात सल्फेट जास्त होतं आणि ते नेहमीच्या काचेत मावत नाही, म्हणून तिथे बेरियम घातलेली काच तयार करण्यात आली. वितळलेली काच स्टीलच्या डब्यात ओतून गार करतात. मग तारापूरसारख्या ठिकाणी हवेच्या प्रवाहाने थंड राहणाऱ्या कोठारात हे डबे देखरेखीखाली ठेवतात. पुढे ते खोल खडकात पुरायचे आणि भोवती मातीचा भराव घालायचा, अशी कल्पना आहे.

२. काच पाण्यात विरघळते का? घरातला ग्लास तर वर्षानुवर्षं तसाच आहे.

विरघळते, फार सावकाश. जुन्या खिडकीच्या काचेवरचं पुसलं न जाणारं धुरकट पांढरेपण ही त्याचीच खूण असते. मात्र वेग कायम एकच राहत नाही आणि या पानावरचं बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे, म्हणून हे उत्तर जरा सावकाश वाचा.

सुरुवातीला पाण्यातले हायड्रोजन आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेले अणू) काचेत शिरतात आणि सोडियम, लिथियम, बोरॉन बाहेर पडतात. त्याच वेळी सिलिकाचं जाळं तुटू लागतं. पाणी ताजं असेल तर ही झीज जोरात होते. पण पाणी साचलेलं असेल तर त्यात सिलिका साठत जाते आणि काचेच्या पृष्ठभागावर सिलिकायुक्त जेलचा एक पातळ, घट्ट थर बसतो. पाण्याला आत जायची आणि आतल्या आयनांना बाहेर यायची वाट हा थर अरुंद करतो. वेग हजारो पटींनी खाली येतो. प्रयोगशाळेत ९० अंशांवर ठेवलेल्या काचेत सुरुवातीचा आणि नंतरचा वेग यांत सुमारे दहा हजार पटींचा फरक दिसतो.

थोडक्यात, काचेचं आयुष्य पाणी किती आहे यापेक्षा त्या पाण्यात सिलिका किती टिकून राहते यावर जास्त ठरतं.

३. मग भोवती माती कशाला भरायची? पाणी शांतपणे साचू द्या ना.

पाणी शांत राहावं म्हणूनच माती. खोल खडकात भेगा असतात आणि भेगांतून पाणी वाहतं. मोकळ्या जागेत ते काचेजवळून सतत बदलत राहिलं तर प्रश्न २ मधला जेलचा थर बसायला सवडच मिळणार नाही. दाबून बसवलेली बेंटोनाइट ही चिकणमाती ओली झाली की फुगते, सगळ्या फटी बुजवते आणि पाण्याचं वाहणं जवळजवळ थांबवते. तिची जलवाहकता सेकंदाला मीटरच्या एक लाख-कोटीव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असते. पाण्याचा चांगला दाब धरला तरी वर्षभरात पाणी मिलिमीटरचा दहावा भागही पुढे सरकत नाही. मग एखादा आयन बाहेर जायचा तर वाहून नाही, फक्त विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपापल्या हालचालीने.

याशिवाय माती हादरे आणि खडकाची किरकोळ हालचाल सोसते, अतिसूक्ष्म कण गाळते आणि बरीच किरणोत्सारी मूलद्रव्यं स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवते.

४. ही बेंटोनाइट म्हणजे आमच्या रानातली काळी माती का? वाळवा, पलूसला तशीच चिकट माती आहे.

नातं जवळचं आहे. दोन्हींत फुगणारं मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातलं, बहुतेक मॉन्टमोरिलोनाइट. आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टच्या झिजेतून झाली. बेंटोनाइट मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेपासून होते आणि तिच्यात स्मेक्टाइटचं प्रमाण फार जास्त असतं. आपल्या देशात ती कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेर भागात निघते. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात टाकायला दुकानात मिळते ती पावडर तीच.

क्षारपड जमिनीचं दुखणं ज्यांनी भोगलंय त्यांना यातलं एक रहस्य आधीच माहीत आहे. जास्त पाणी देऊन मातीत सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होतात, फुगतात, निचरा बंद पडतो आणि जमीन चोपण होते. पीक जळतं. जिप्सम टाकून कॅल्शियम दिला की निचरा पुन्हा सुरू होतो. अणुकचऱ्याच्या भरावात नेमका हाच निचरा बंद पाडायचा असतो, म्हणून तिथे सोडियमयुक्त बेंटोनाइट पसंत करतात. आणि भूजलातल्या कॅल्शियमने तिचा सोडियम हळूहळू हुसकला तर तिचं फुगणं किती घटेल, याची काळजी करतात. कृष्णाकाठचा शेतकरी ज्या गोष्टीशी झगडतो, ती तिथे मुद्दाम घडवून आणायची असते.

शेतातली काळी माती तशीच उचलून मात्र चालणार नाही. तिच्यात सेंद्रिय द्रव्य, चुनखडी, वाळू, जिवाणू असं सगळं असतं आणि ती एकसारखी नसते.

५. म्हणजे हरिपूरच्या हळदीच्या पेवासारखंच झालं की हे!

हा प्रश्न मला फार आवडतो. पेवातही माल जमिनीत ठेवून भोवतीच्या मातीवर भरवसा टाकलेला असतो, आणि माती कुठली यावर सगळं ठरतं. पण पेव टिकतं ते कोरडं राहिलं तरच. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं गेली. खोल साठवणीत उलट गृहीत धरतात: पाणी आज ना उद्या येणारच. आलेलं पाणी काचेपर्यंत कसं पोहोचेल, तिथे काय करेल आणि काय घेऊन किती काळाने बाहेर पडेल, एवढ्याचाच हिशेब मांडायचा.

६. मग खरं सांगा, माती काचेला वाचवते की खाते?

दोन्ही. आणि या दोन गोष्टी एकमेकींतून वजा करून एकच आकडा काढू नये, असं माझं ठाम मत आहे, कारण त्या वेगवेगळ्या ठिकाणी घडतात.

आधी खाण्याचं बघू. प्रश्न २ प्रमाणे काच शांत व्हायची तर जवळच्या पाण्यात सिलिका साठायला हवी. पण स्मेक्टाइटच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ७०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. काचेतून सुटलेली सिलिका त्याच्या कडांवर चिकटते. पाण्यात ती साठतच नाही, आणि पाणी काचेशी पुन्हा पुन्हा ताज्या पाण्यासारखं वागतं. दुसरं, माती आणि तिच्यातलं पाणी मॅग्नेशियम पुरवतं. मॅग्नेशियम आणि सिलिका मिळून नवी मॅग्नेशियम-सिलिकेट खनिजं तयार होतात आणि तीही सिलिका गिळतात. इतकंच नाही, जेलच्या थरातलीही सिलिका ओढली जाते, त्यामुळे थर सच्छिद्र राहतो आणि आपलं काम धड करत नाही. तिसरं, काचेतून निघालेले सोडियम, सिझियमसारखे धन आयन माती आयन-विनिमयाने, म्हणजे स्वतःकडचे आयन देऊन, उचलते आणि काचेतून आणखी बाहेर यायला जागा करून देते.

आता वाचवण्याचं. मातीची भूक मोठी असली तरी तिला अंत आहे. काचेला लागून असलेल्या मातीच्या जागा भरल्या की सिलिका पाण्यात साठू लागते आणि वेग घसरतो. पुढची माती लांब आहे, आणि तिथवर सिलिका फक्त विसरणाने, रांगत जाते. भराव जितका घट्ट, तितकी ही रांग लांबते. म्हणजे मातीमुळे काचेची सुरुवातीची वेगवान अवस्था लांबते, पण ती कायमची होत नाही.

आणि काचेतून सुटलं म्हणजे विहिरीत पोहोचलं असं नव्हे. सिझियम-१३७ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) ३० वर्षं, स्ट्रॉन्शियम-९० चं सुमारे २९. मातीत अडकलेले हे दोघे ३०० वर्षांत हजाराव्या हिश्श्यावर येतात. प्लुटोनियम, अमेरिसियम तर मातीला इतके घट्ट चिकटतात की एक मीटर भराव ओलांडणं हीच त्यांच्यासाठी प्रचंड काळाची गोष्ट आहे.

कुणी फक्त काच आणि शुद्ध पाणी यांचा प्रयोग दाखवून सगळं सुरक्षित आहे असं म्हणालं, तर विचारा: माती घालून केला होता का? आणि कुणी मातीत काच जास्त झिजते एवढंच सांगून घाबरवलं, तर विचारा: झिजलेलं कुठवर गेलं?

७. हे नुसतं कागदावरचं की कुणी काच खरंच मातीत पुरून पाहिली आहे?

पुरली आहे. स्वीडनमधल्या स्ट्रिपा या जुन्या लोखंडाच्या खाणीत १९८० च्या दशकात काचेच्या चकत्या ग्रॅनाइटमध्ये पुरल्या होत्या, काही ९० अंशांवर. काचेला टेकलेली काच सगळ्यात कमी बदलली आणि बेंटोनाइटला टेकलेला पृष्ठभाग ग्रॅनाइटला टेकलेल्यापेक्षा जास्त झिजला. बेल्जियममध्ये मोल इथे २२५ मीटर खोलीवर चिकणमातीच्या थरात प्रयोगशाळा आहे. तिथे निरनिराळ्या काचा थेट मातीत ठेवल्या गेल्या. ९० अंशांवर झीज ठळक दिसली. मातीच्या स्वतःच्या, म्हणजे सुमारे १६ अंशांच्या तापमानाला ती फारच कमी होती. हा तापमानाचा मुद्दा प्रश्न १० मध्ये पुन्हा येईल.

८. मातीची भूक सिलिकाची आहे, तर भरावात आधीच सिलिका मिसळून टाका की!

चांगली सूचना, आणि संशोधकांनी ती करूनही पाहिली आहे. भरावात साध्या, किरणोत्सार नसलेल्या काचेचा भुगा मिसळला की मातीची भूक त्यावर भागते आणि कचऱ्याच्या काचेची झीज कमी होते. अडचण दुसरीकडे आहे. भुगा जितका जास्त तितकं स्मेक्टाइट कमी, म्हणजे फुगणं आणि फटी बुजवणं कमी. शिवाय काचेच्या भुग्यातून निघणारे अल्कली पाण्याचा पीएच वाढवतात (प्रश्न ११).

९. काच स्टीलच्या डब्यात आहे. मग मातीचा आणि काचेचा संबंधच कुठे येतो?

डबा टिकेल तोवर येत नाही. बहुतेक आराखड्यांत स्टीलच्या डब्याभोवती जाड लोखंडी आवरण असतं. ते फुटेपर्यंतची वर्षं म्हणजे शुद्ध मिळकत, कारण त्या काळात काच गार होते.

पण लोखंड गंजून नाहीसं होत नाही, गंजाच्या रूपात तिथेच राहतं. खोल, ऑक्सिजन नसलेल्या जागी मुख्यतः मॅग्नेटाइट आणि लोह-कार्बोनेट तयार होतात. यांच्या पृष्ठभागावरही सिलिका चिकटते, आणि लोह-सिलिकेट खनिजं बनू लागली तर प्रश्न ६ मधल्या मॅग्नेशियमसारखाच परिणाम होतो. म्हणून लोखंड आणि माती दोन्ही असताना काच एकट्या मातीतल्यापेक्षा जास्त झिजू शकते. डबा जितका जाड तितकं चांगलं, हे गणित डबा शाबूत असेपर्यंतचं आहे. त्यानंतर तेच लोखंड सिलिकाचं गिऱ्हाईक होतं.

१०. उष्णतेने काय होतं? काच स्वतःच गरम असते म्हणे.

असते, किरणोत्सारामुळे. ही उष्णता मुख्यतः सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० ची, त्यामुळे काही दशकांत बरीच उतरते. म्हणूनच काच पुरण्याआधी दशकानुदशकं जमिनीवर किंवा उथळ कोठारात ठेवतात. ही दिरंगाई नव्हे, गरजेची पायरी आहे.

गरम पाण्यात काच जास्त वेगाने झिजते. मातीलाही ताप सोसत नाही: पोटॅशियम उपलब्ध असेल तर स्मेक्टाइटचं हळूहळू इलाइट होतं, जे फारसं फुगत नाही. म्हणून अनेक आराखड्यांत भरावाचं तापमान १०० अंशांच्या खाली ठेवायचा नियम आहे.

११. सगळीकडचं भूजल सारखं नसतं. आमच्याकडे एका बोअरचं गोड, शेजारचं मचूळ. त्याने फरक पडतो?

खूप पडतो. खारट पाण्यात बेंटोनाइट कमी फुगते. कॅल्शियम जास्त असेल तर काय होतं ते प्रश्न ४ मध्ये आलं. मॅग्नेशियम जास्त असलेलं पाणी काचेला जाचक ठरतं.

सगळ्यात अवघड अपवाद उच्च पीएचचा आहे. बोगद्याच्या अस्तराला, बुचांना सिमेंट वापरलं तर त्यातून १२.५ च्याही वर पीएच असलेलं पाणी पाझरू शकतं. ते स्मेक्टाइट विरघळवतं आणि काचेच्या जेलवर झिओलाइट जातीची खनिजं वाढू लागतात. झिओलाइट सिलिका आणि ॲल्युमिनियम दोन्ही खेचतात. मग हजारो पटींनी मंदावलेली काच अचानक पुन्हा जोरात झिजू लागते. काच-संशोधनात या पुनरारंभाची भीती सर्वांत मोठी आहे. त्यामुळे काचेच्या जवळपास कमी पीएचचं खास सिमेंट वापरावं किंवा सिमेंट लांब ठेवावं, असा प्रयत्न असतो. इथे मातीची एक बाजू उजवी ठरते: ती पीएच आवरून धरते. उच्च पीएचचं पाणी भरावातून आत येता येता सौम्य होतं, तेवढी जाडी भरावाला असली तर.

झिओलाइट पाहायला लांब जायला नको. आपल्या घाटांतल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारे पांढरे, गुलाबी चमकदार स्फटिक बरेचदा झिओलाइटच असतात. लाव्हा थंडावल्यावर गरम, अल्कलीयुक्त पाण्याने ज्वालामुखीय काच आणि खडक विरघळवून ते घडवले.

१२. मातीत कशालाच अडकत नाही असं काही असतं का?

असतं. स्मेक्टाइटचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, म्हणून धन आयन धरले जातात आणि ऋण आयन निसटतात. आयोडीन-१२९ (अर्धायुष्य सुमारे १.५७ कोटी वर्षं) आयोडाइडच्या रूपात असतं आणि मातीतून जवळपास न अडता विसरतं. टेक्नेशियम-९९ (सुमारे २ लाख ११ हजार वर्षं) ऑक्सिजन असेल तर असंच निसटतं. पण खोल, ऑक्सिजनविरहित जागी त्याचं रूप बदलतं, ते जवळपास अविद्राव्य होऊन बसतं. आयोडीनचा मोठा भाग पुनर्प्रक्रियेच्या, म्हणजे इंधनातून युरेनियम, प्लुटोनियम वेगळं काढण्याच्या (प्रश्न १) वेळीच वायुरूपात निघून जातो, काचेत फार थोडा येतो. तो वेगळा पकडलेला आयोडीन कुठे ठेवायचा हा प्रश्न वेगळा आहे, आणि काचेच्या चर्चेत तो विसरला जातो याची मला खंत वाटते.

अशा निसटत्या मूलद्रव्यांसाठी काच किती सावकाश झिजते हाच खरा अडसर असतो. म्हणून प्रश्न ६ मधलं मातीचं ‘खाणं’ त्यांच्या बाबतीत अधिक गांभीर्याने घ्यायला हवं.

१३. कराडजवळ आणि कोयनेत खोल बोअर घेतलंय ते याच कचऱ्यासाठी ना?

नाही. कराडजवळ हजारमाचीत पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. कोयना परिसरात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं ते भूकंप समजून घेण्यासाठी. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा भूकंप इथल्या घराघरांत आठवणीत आहे, आणि धरणाच्या पाण्याशी निगडित धक्के तेव्हापासून आजवर चालू आहेत. त्या छिद्रात १२४७ मीटर बेसॉल्ट आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला.

भारतात आज काचेच्या कचऱ्यासाठी चालू असलेली खोल साठवण कुठेच नाही. साताऱ्याच्या खडकाबद्दल माझं मत विचाराल तर लाव्हाच्या थरांमधले पाणी वाहणारे सांधे आणि कोयनेचे धक्के पाहता अशा साठवणीला हा प्रदेश योग्य नाही.

१४. प्रयोग काही वर्षांचे, दावा लाखो वर्षांचा. यावर विश्वास कसा ठेवायचा?

आंधळा ठेवू नका. संशोधक निसर्गात पडून राहिलेल्या काचा शोधतात आणि प्रयोगातून बांधलेलं गणित तिथे लागू पडतं का ते तपासतात. बेसॉल्टी ज्वालामुखीय काचेत सिलिकाचं प्रमाण कचऱ्याच्या काचेच्या जवळ असतं आणि तिच्यावरही जेल आणि चिकणमातीची खनिजं घडतात. फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या १६ व्या शतकातल्या लोखंडाच्या भट्टीची काचमय मळी लोखंडासह ओल्या जमिनीत पडून होती. प्रश्न ९ मधला लोहाचा परिणाम तिच्यात तपासला गेला. यातली कुठलीही काच कचऱ्याच्या काचेची हुबेहूब प्रत नाही. यंत्रणा तीच आहे का, एवढंच त्यांच्याकडून ठरवता येतं.

१५. ओतलेली काच गार होताना तडकते असं वाचलं. मग माती भेगांत शिरून सगळं गणितच बिघडवत नाही का?

काच तडकते हे खरं, आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग त्यामुळे कित्येक पटींनी वाढतो. पण झीज तितक्या पटींनी वाढत नाही. बारीक भेगेत पाणी जेमतेम आणि काच दोन्ही बाजूंना, त्यामुळे सिलिका लगेच साठते आणि जेल शांतपणे बसतं. ओली माती फुगून भेगेच्या तोंडाशी थोडीफार घुसते, खोलवर जात नाही.

फ्रान्सच्या एम्बिएज बेटाजवळ समुद्रतळावर बुडालेल्या रोमन जहाजातले काचेचे तडकलेले गोळे सुमारे १८०० वर्षं पाण्यात होते. बाहेरच्या, रुंद भेगांत बदललेल्या काचेचा थर जाड होता. आतल्या बारीक भेगांत तो खूपच पातळ, आणि काही भेगा झिजेतून तयार झालेल्या पदार्थांनी बुजून गेल्या होत्या.

अपवाद रुंद भेगांचा. त्या मातीच्या पाण्याशी सरळ जोडलेल्या राहतात, त्यांच्यात मॅग्नेशियम विसरणाने आत येत राहतं आणि तिथे प्रश्न ६ मधलं सगळं लागू होतं. म्हणून हिशेब मांडताना बाहेरचा पृष्ठभाग आणि रुंद भेगा एका बाजूला, आतल्या बारीक भेगा दुसऱ्या बाजूला, असे दोन वेग धरावे लागतात. एकूण पृष्ठभागाला एकाच वेगाने गुणलेला आकडा समोर आला तर तो तपासून घ्या.